जो कालवा पिट्सबर्गला पोहोचला नाही

४ जुलै १८२८ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी वॉशिंग्टनच्या वरच्या अंगास पोटोमॅक नदीच्या काठी एका कालव्याच्या खोदाईचा प्रारंभ केला. पहिल्या घावाला फावडे जमिनीतल्या मुळावर अडले. पुन्हा घातले, पुन्हा अडले. तेव्हा अध्यक्षमहाशयांनी अंगातला कोट उतरवून ठेवला आणि जमलेल्या लोकांच्या जयघोषात जोर लावून माती वर काढली. त्याच दिवशी, तेथून फार दूर नसलेल्या बाल्टिमोर शहरात, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेवढे एकटेच हयात असलेले नव्वदीचे वृद्ध गृहस्थ चार्ल्स कॅरोल यांच्या हस्ते बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवण्यात आला. एकाच दिवशी जन्मलेल्या या दोन प्रतिस्पर्ध्यांचा कज्जा पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ चालला, आणि त्याचा निकाल ज्या भूमीवर लागला, त्या भूमीवरून सायकलीने केलेल्या प्रवासाची ही हकीकत आहे.

दोन्ही योजनांचे उद्दिष्ट एकच होते: पर्वतराजी ओलांडून पश्चिमेकडील ओहायो नदीच्या खोऱ्यातला माल पूर्वेच्या बंदरांत आणणे. कालव्याचे नावच मुळी चेसापीक अँड ओहायो. समुद्राची भरती पोटोमॅकमध्ये जेथवर चढते त्या जॉर्जटाउनपासून निघून त्याने डोंगरांपलीकडच्या पिट्सबर्गला जावे असा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. २२ वर्षे आणि एक कोटी डॉलरांहून अधिक द्रव्य खर्ची पडल्यावर १८५० साली कालवा डोंगराच्या पायथ्याशी कंबरलंड गावी येऊन थांबला, तो कायमचा. रेल्वे तेथे आठ वर्षे आधीच, १८४२ मध्ये, दाखल झाली होती. कंबरलंडपासून पिट्सबर्गपर्यंतचा राहिलेला मार्ग पुरा झाला तो २०१३ च्या जूनमध्ये, आणि तोही सायकलस्वारांसाठी. आज पिट्सबर्गहून निघालेला सायकलस्वार मोडीत निघालेल्या लोहमार्गाच्या वाटेने १५० मैल आणि पुढे कालव्याच्या काठाने १८४.५ मैल, असा एकूण सुमारे ५३८ किलोमीटरांचा प्रवास करून वॉशिंग्टनला पोहोचतो. मध्ये काही गावांत थोडा रस्ता आणि अधूनमधून एखादा छेदमार्ग ओलांडावा लागतो तेवढाच, एरवी मोटारीचे चाक या वाटेला लागत नाही. पहिल्या भागाचे नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. दुसऱ्याला कालव्याचेच नाव आहे.

मोटारविरहित वाटेचे महत्त्व नकाशावरून ध्यानात येत नाही. सडकेवरून जाणाऱ्या सायकलस्वाराचे निम्मे अवधान सतत पाठीमागे गुंतलेले असते. कानाने तो येणाऱ्या वाहनाचा अदमास घेत असतो, डोळ्याने कडेच्या पांढऱ्या रेषेवरून चाक ढळू नये याची काळजी वाहत असतो, आणि जे पाहावयास तो घराबाहेर पडला ते झाड, ती नदी, ते गाव त्याच्या वाट्यास उरल्यासुरल्या अवधानाने येते. पिट्सबर्गला नोकरीनिमित्त स्थायिक झालेला माझा भाचा या प्रवासात सोबतीस होता. शहर मागे पडल्यावर तो म्हणाला, "मामा, इथं मागं वळून बघायचं कामच नाही. माझ्या बाजूनं चला, बोलत जाऊ." दोघांनी शेजारी शेजारी, एकमेकांचे बोलणे ऐकत, सायकल चालवीत जावे ही गोष्ट किती साधी, पण आपल्याकडच्या हमरस्त्यांवर ती किती दुर्मीळ झाली आहे हे त्या वेळी जाणवले.

पिट्सबर्ग हे नद्यांच्या संगमावरचे शहर. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या जेथे एकत्र येऊन ओहायो होते, त्या टोकावरील उद्यानात या वाटेचा आरंभ होतो. तेथून मोनोंगाहेलाच्या काठाने जाताना पोलादाच्या धंद्याचे भग्नावशेष एकामागून एक सामोरे येतात. ज्या पुलावरून आपण नदी ओलांडतो त्याचे नाव ‘हॉट मेटल ब्रिज’, म्हणजे तप्त धातूचा पूल. एका काठच्या भट्ट्यांतून निघालेला लोखंडाचा रस या पुलावरून रेल्वेच्या पात्रांतून दुसऱ्या काठच्या पोलादाच्या कारखान्यात नेला जाई. पुढे होमस्टेड येथे ६ जुलै १८९२ रोजी पोलादसम्राट कार्नेगीच्या कारखान्यातले संपकरी कामगार आणि कंपनीने नदीमार्गे आणवलेले पिंकर्टन संस्थेचे भाडोत्री शिपाई यांच्यात रक्तपाताची झुंज झाली. त्या घाटावरचे पंपघर अद्याप उभे आहे, आणि वाट त्याच्या अगदी जवळून जाते. कारखान्याच्या जागी मात्र आता दुकानांचा बाजार असून, त्याच्या कडेला विटांच्या जुन्या धुराड्यांची एक ओळ तेवढी राखून ठेवलेली आहे. अमेरिकेच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या जागेचे जे मोल आहे ते लक्षात घेता येथे घाई करू नये असे मला वाटते. शहराबाहेर पडण्याच्या उत्साहात बहुतेक सायकलस्वार पंपघराकडे न पाहता पुढे निघून जातात.

मकीस्पोर्टपाशी यॉकिओगेनी नावाची नदी येऊन मिळते. उच्चारास अवघड असलेले हे नाव तेथील लोक लाडाने ‘यॉक’ असे तोडून घेतात. येथून पुढे जवळजवळ पाऊणशे मैल हीच नदी आपली सोबतीण. लोहमार्ग नदीच्या काठाने नेण्यात अभियंत्यांचा जो हिशेब होता तोच आता सायकलस्वाराच्या पथ्यावर पडतो: वाफेच्या इंजिनास तीव्र चढ सोसत नाही, म्हणून त्यांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले, भराव घातले, पण चढ वाढू दिला नाही. पश्चिमेकडून जाताना शंभर फुटांच्या अंतरात फूटभरही चढ नसतो. आपण डोंगर चढत आहोत हे पायांस कळत नाही, केवळ नदीच्या वाढत्या खळखळाटावरून उमगते. रूळ आणि स्लीपर उचलून नेल्यावर उरलेल्या पट्ट्यावर चुनखडीच्या दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलेला आहे, आणि पावसानंतरही त्यावर चिखल फारसा होत नाही.

कॉनेल्सव्हिल हे एके काळी कोकच्या भट्ट्यांचे माहेरघर होते. मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या या भट्ट्या आज झुडपांत लपून गेल्या आहेत. तेथून ओहायोपाइलपर्यंतची दरी हा या प्रवासातला सर्वांत वनश्रीसंपन्न भाग. दोन्ही बाजूंस मेपल, ओक आणि ट्यूलिप-पॉपलर यांची गर्दी, डाव्या हातास खोल खाली नदी, आणि उजव्या हातास कड्यातून झिरपणारे झरे. काही झऱ्यांचे दगड खाणीतून वाहून आलेल्या लोहयुक्त पाण्याने तांबूस झालेले दिसतात. ओहायोपाइल येथे नदी एका रुंद धबधब्याने खाली येते. स्थापत्यशास्त्रात रस असलेल्याने येथे एक दिवस मुक्काम करावा, कारण फ्रँक लॉइड राइट याने १९३० च्या दशकात एका निर्झरावर बांधलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे जगप्रसिद्ध घर येथून थोड्याच मैलांवर आहे. मात्र तिकडे जाणारा रस्ता चढाचा आणि मोटारींचा आहे, तेव्हा सायकल गावात ठेवून दुसऱ्या वाहनाने जाणे शहाणपणाचे.

या वाटेचा पहिला तुकडा लोकांसाठी खुला झाला तो येथेच, १९८६ साली, ओहायोपाइल आणि कॉन्फ्लुअन्स या दोन गावांच्या दरम्यान. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९७५ मध्ये या मार्गावरची वाहतूक बंद केली, तेव्हा अशा मार्गाचे काय होते हे सर्वांस ठाऊक होते. अमेरिकेत अनेक रेल्वे कंपन्यांची जमिनीवर पूर्ण मालकी नसे, केवळ वहिवाटीचा हक्क असे. गाड्या बंद पडल्या की तो हक्क संपुष्टात येऊन जमीन शेजारच्या खातेदारांकडे परत जाई, पट्टा तुकड्यातुकड्यांनी कुंपणांत जाई, आणि शंभर वर्षांपूर्वी अपार खर्चाने जुळवून आणलेली एकसंध वाट पुन्हा कधीही जुळवता येणार नाही अशी मोडून पडे. यावर तोड म्हणून १९८३ मध्ये तेथील विधिमंडळाने राष्ट्रीय पथ अधिनियमात दुरुस्ती केली. बंद पडलेला मार्ग भविष्यात रेल्वेस पुन्हा लागू शकेल या तरतुदीखाली राखीव समजावा, आणि मधल्या काळात तो पायी व सायकलीने जाणाऱ्यांसाठी वापरावा, अशी ती व्यवस्था. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. प्रस्तुत वाटेच्या जमिनीचा काही भाग मात्र हा कायदा होण्यापूर्वीच एका निसर्गसंरक्षण संस्थेने विकत घेऊन ठेवला होता, आणि पुढचे काम स्थानिक स्वयंसेवकांच्या मंडळांनी गावोगाव फिरून, देणग्या गोळा करून, पुलांची डागडुजी करून पुरे केले. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत २७ वर्षे लागली. कालव्याच्या खोदाईला लागली त्याहूनही ही मुदत अधिक. पण ही वाट मुक्कामावर पोहोचली.

कॉन्फ्लुअन्स येथे तीन प्रवाहांचा संगम आहे. तेथे यॉकला निरोप देऊन वाट कॅसलमन नदीच्या काठाने वर चढू लागते. रॉकवुड, मायर्सडेल ही लहान, शांत, कोळशाच्या खाणींवर वाढलेली आणि खाणी मिटल्यावर कृश झालेली गावे. सायकलस्वारांच्या येण्याजाण्याने त्यांच्यात पुन्हा थोडी वर्दळ आली आहे: एके ठिकाणी जुने रेल्वेस्थानक संग्रहालय झाले आहे, दुसरीकडे रिकाम्या घरांत वाटसरूंची निवासस्थाने निघाली आहेत. मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्झबरीचा पूल लागतो; १,९०८ फूट लांबीचा हा लोखंडी पूल कॅसलमनची अख्खी दरी, तीतले शेत, नदी, हमरस्ता आणि चालू रेल्वे यांसह, एका झेपेत ओलांडतो. पुलाच्या मध्यावर उभे राहिले असता समोरच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची पाती संथ फिरताना दिसतात आणि खालून शंभर-शंभर डब्यांची मालगाडी जाताना पायाखालचा पूल थरथरतो.

पुढे २,३९२ फूट उंचीवर जलविभाजक रेषा येते. या जागी पडलेल्या पावसाच्या पाण्याचे दोन भाग होतात: पश्चिमेकडचे ओहायो आणि मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातास जाते, पूर्वेकडचे पोटोमॅकवाटे चेसापीक उपसागरास. वाट येथे एका छोट्या कमानीखालून जाते, आणि कमानीच्या भिंतींवर पिट्सबर्गपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या उंचसखलपणाची आकृती रंगवली आहे. तिच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पश्चिमेकडून सव्वाशे मैलांत जी उंची हळूहळू मिळवली, ती पूर्वेकडे कंबरलंडपर्यंत अवघ्या २४ मैलांत उतरून द्यावयाची आहे. तेथेही शंभर फुटांत दीड-पावणेदोन फुटांचाच उतार आहे. खंडाळ्याच्या बोरघाटात लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट, म्हणजे याच्या दीडपटीहून अधिक, हे लक्षात घेतल्यास या मार्गाच्या आखणीतला मवाळपणा मराठी वाचकाच्या ध्यानी येईल. वॉशिंग्टनहून उलट दिशेने येणाऱ्यास मात्र हे २४ मैल सलग चढाचे आहेत, यास्तव प्रथमच जाणाऱ्याने पिट्सबर्गहून निघावे असेच मी सुचवीन.

जलविभाजकानंतर लागलीच बिग सॅव्हेजचा बोगदा येतो. त्याची लांबी ३,२९४ फूट. आत दिवे आहेत, तरी अंगावर शहारा आणणारा गारठा भर उन्हाळ्यातही जाणवतो. हिवाळ्यात झिरपणारे पाणी गोठून अस्तराची हानी होऊ नये म्हणून दोन्ही तोंडांचे मोठे दरवाजे बंद करून घेतात. बोगद्यातून बाहेर पडताच मेरीलँडचे डोंगर एकामागे एक निळ्या थरांनी दूरवर पसरलेले दिसतात. पिट्सबर्गपासून नदीच्या खोलगट दरीतून आलेल्या प्रवाशास एवढे मोकळे क्षितिज येथेच प्रथम दिसते, आणि माझ्या मते या सबंध वाटेवरचे सर्वोत्तम दृश्य हेच. थोडे खाली मेसन-डिक्सन रेषा दगडांनी अंकित केलेली आहे. पेन आणि कॅलव्हर्ट या दोन वसाहतमालक घराण्यांमधला हद्दीचा तंटा मिटवण्यासाठी चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या इंग्रज मोजणीदारांनी १७६३ ते १७६७ या काळात तिची आखणी केली. पुढे हीच रेषा गुलामगिरीस मुभा देणारी दक्षिण आणि ती नाकारणारी उत्तर यांची सीमा म्हणून लोकांच्या मनात रुजली.

फ्रॉस्टबर्गवरून उतरत, एका पर्यटक रेल्वेच्या जोडीने, शेवटी उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडीतून आपण कंबरलंडला येतो. अमेरिकेच्या वाहतुकीचा इतिहास एके ठिकाणी पाहावयाचा असेल तर या गावी यावे. मध्यवर्ती सरकारच्या पैशाने बांधलेला पहिला महामार्ग, नॅशनल रोड, येथूनच १८११ साली पश्चिमेकडे निघाला. रेल्वे येथे आली. कालवा येथे संपला. जेथे कालव्याच्या नौका कोळसा भरून घेत त्या धक्क्यापाशीच लोहमार्गाची वाट संपते आणि कालव्याची सुरू होते.

आणि येथे प्रवासाचे रूपच पालटते. कालव्याच्या काठाची वाट ही खेचरांची वाट आहे. सुमारे ९० फूट लांब आणि १४ फूट रुंद अशा, शंभर टनांहून अधिक कोळसा भरलेल्या नौका खेचरे दोरांनी ओढीत नेत. ती पाळीपाळीने जुंपली जात, आणि विश्रांती घेणारी जोडी नौकेवरच्या तबेल्यात उभी असे. नौकेचा तांडेल बायकामुलांसह तिच्यावरच संसार करी, आणि खेचरांमागे अनवाणी चालण्याचे काम बहुधा त्याच्या पोरांकडे असे. कंबरलंडपासून जॉर्जटाउनपर्यंत पाण्याची पातळी ६०५ फूट उतरवण्यासाठी ७४ लॉक बांधलेले आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस लाकडी दरवाजे असलेला दगडी हौद: नौका आत घेऊन वरचे दरवाजे लावायचे, खालच्या दरवाजांतल्या झडपा उघडून पाणी सोडायचे, हौदातले पाणी नौकेसह सुमारे आठ फूट खाली गेले की खालचे दरवाजे उघडून नौका पुढे काढायची. बहुतेक लॉकांशेजारी राखणदाराचे घर असे आणि रात्री-अपरात्री नौकेवरून शिंग वाजले की त्यास उठावे लागे. ती पांढरी, जाड भिंतींची घरे पुष्कळ ठिकाणी अद्याप उभी आहेत, आणि त्यांपैकी काही आज वाटसरूंना मुक्कामासाठी भाड्याने मिळतात.

खालच्या दिशेने जाताना उजव्या हातास पोटोमॅक आणि डाव्या हातास कालवा राहतो. बहुतेक लांबीत तो कोरडा पडलेला आहे आणि त्याच्या तळात सिकॅमोरचे वृक्ष आकाशाला भिडले आहेत. काही ठिकाणी शेवाळलेले पाणी साचून आहे व त्यातल्या ओंडक्यांवर कासवे रांगेने ऊन खात बसलेली दिसतात. निळे बगळे आणि हरणे यांना माणसाची भीती फारशी नाही. वाट मात्र लोहमार्गाइतकी गुळगुळीत नाही. अलीकडे बऱ्याच लांबीवर नव्याने दगडी चुरा घातला गेला असला तरी पावसानंतर काही भागांत चिखल आणि झाडांची मुळे यांना तोंड द्यावे लागते, म्हणून रुंद टायर हवेतच.

पॉ पॉ नावाच्या बोगद्याने या कालव्याचे दिवाळे काढले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पोटोमॅक तेथे इतकी वळणे घेते की अभियंत्यांनी त्या वळणांचे सहा मैल वाचवण्यासाठी डोंगरातून ३,११८ फुटांचा बोगदा काढण्याचे ठरवले. १८३६ मध्ये काम सुरू झाले. खडक अपेक्षेपेक्षा कठीण निघाला. मजुरांचे पगार थकले, निरनिराळ्या देशांतून आलेल्या मजुरांत दंगली झाल्या, काम बंद पडले, पुन्हा सुरू झाले आणि १८५० मध्ये संपले. आतून विटांचे अस्तर आहे, लाखो विटांचे. बोगद्यात दिवा नाही. वाट इतकी चिंचोळी की सायकलीवरून उतरून, हाती बॅटरी धरून, एका अंगास लाकडी कठडा आणि दुसऱ्या अंगास ओली भिंत असे चालत जावे लागते. कठड्यावर दोरांच्या घर्षणाने पडलेल्या खोबणी बोटांना लागतात. बोगद्यास, गावास आणि परिसरास ज्याचे नाव मिळाले ते पॉ पॉ हे झाड वाटेच्या दोन्ही बाजूंस विपुल आहे. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते आपल्या सीताफळ-रामफळाच्याच कुळातले. सप्टेंबरात त्याची हिरवट-पिवळी फळे पिकून वाटेवर पडतात, आणि पिवळ्या, मऊ, गोड गराचा पहिला घास घेताना, बी बाहेर काढण्याच्या सवयीसह, मराठी माणसास आपल्या आजोळच्या परसाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

हॅनकॉकच्या पुढे विल्यम्सपोर्टचा जलसेतू येतो. जलसेतू म्हणजे नदीवरून कालवा नेणारा पूल. असे ११ या कालव्यावर आहेत, आणि येथल्या जलसेतूत २०१९ पासून पुन्हा पाणी खेळवून नौका नेण्यात येते. शार्प्सबर्गजवळ अमेरिकन यादवीतले अँटीटमचे रणांगण आहे. १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात तेथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, आणि गावातल्या काही लोकांनी वाटेकाठच्या एका गुहेत आसरा घेतला होता. ती गुहा वाटेवरूनच दिसते. हार्पर्स फेरी येथे शेनँडोआ नदी पोटोमॅकला मिळते. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर वैरी जॉन ब्राउन याने मूठभर साथीदारांनिशी येथले सरकारी शस्त्रागार हस्तगत केले, पकडला गेला आणि डिसेंबरात फासावर गेला. दीड वर्षात देश यादवीत लोटला गेला. पादचारी पुलावरून नदी ओलांडून हे गाव पाहावे, आणि पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर नदीस इतका भिडतो की कालवा आणि रेल्वे या दोहोंस पुरेशी जागा उरत नाही. याच जागेच्या हक्कावरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १८३२ मध्ये मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल कालव्याच्या बाजूने दिला. अखेर तडजोडीने दोघे शेजारी शेजारी गेले. न्यायालयात जिंकलेला कालवा व्यापारात हरला. १८८९ च्या महापुराने त्याची दुर्दशा केली, त्याचा कारभार प्रतिस्पर्धी रेल्वेच्याच हाती गेला, आणि १९२४ च्या पुरानंतर नौका कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये सरकारने ही सारी मिळकत २० लाख डॉलरांस विकत घेतली.

आता सरकारच्या हाती आलेल्या या पट्ट्यावर मोटारींसाठी रस्ता बांधावा असा प्रस्ताव १९५० च्या सुमारास पुढे आला, आणि जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून त्यास पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी त्या पत्रास चिठ्ठी धाडून संपादकांना आवाहन केले की, आपण माझ्याबरोबर ही वाट पायी चालून पाहा आणि मग मत बनवा. संपादकांनी ते स्वीकारले. मार्चमध्ये कंबरलंडहून पन्नासांहून अधिक मंडळी निघाली. आठ दिवसांनी वॉशिंग्टनपर्यंतचे सारे १८४.५ मैल पायी पुरे केलेले त्यांपैकी ९ जण होते, आणि न्यायमूर्ती त्यांत होते. पत्राने आपली भूमिका बदलली. १९६१ मध्ये कालव्यास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, ८ जानेवारी १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान घोषित करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि १९७७ मध्ये हे उद्यान न्यायमूर्ती डग्लस यांना अर्पण करण्यात आले. तो प्रस्ताव अमलात आला असता तर आज येथे वॉशिंग्टनला जाणारी आणखी एक सडक असती, आणि पिट्सबर्गच्या स्वयंसेवकांनी पुढे जी वाट बांधली तिला कंबरलंडपलीकडे जावयास ठिकाणच उरले नसते.

मोनोकसी नदीवरचा जलसेतू सात कमानींचा, ५१६ फूट लांब, १८३३ साली पुरा झालेला; १८६२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने तो सुरुंगाने उडवण्याचा प्रयत्न केला, पण दगडकाम बधले नाही. ग्रेट फॉल्स येथे पोटोमॅक खडकांतून फुटून, उसळून खाली येते आणि त्या गर्जनेशेजारी कालव्याचे पाणी लॉकामागून लॉक उतरत निश्चल चालते. येथून पुढे शहराची माणसे भेटू लागतात: धावणारी, मुलांना फिरवणारी, बाकावर वाचीत बसलेली. खालच्या २२ मैलांचा हा भाग महामंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी काढलेल्या सरकारी दलातील कृष्णवर्णीय तुकड्यांनी दुरुस्त केला. जॉर्जटाउनला शून्य मैलाचा दगड नौकागृहाच्या मागे आहे. तो शोधावा लागतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. एप्रिलअखेर ते मेअखेर आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हे उत्तम दिवस. बिग सॅव्हेजचा बोगदा हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा तारीख ठरवण्यापूर्वी तो उघडला आहे याची खात्री करावी. कालव्याकाठी थोड्या थोड्या मैलांवर तंबू ठोकण्याच्या जागा आहेत, त्या आधी येईल त्यास मिळतात. त्यांवरच्या हातपंपांवर पूर्ण विसंबू नये, पाणी जवळ बाळगावे. गवतातून गोचिडी चिकटतात, त्यामुळे संध्याकाळी अंग तपासावे. पिट्सबर्ग, कंबरलंड आणि वॉशिंग्टन या तिन्ही ठिकाणांस जोडणारी प्रवासी आगगाडी आहे आणि आगाऊ नोंदणी केल्यास तीतून सायकल नेता येते, म्हणून सारा मार्ग एका खेपेत करण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. वॉशिंग्टन, बाल्टिमोर आणि पिट्सबर्ग या शहरांच्या परिसरात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी सुट्टीत देशाहून आलेल्या आईवडिलांना स्मारके आणि संग्रहालये दाखवावीत हे ठीकच, पण एखादा दिवस मुलांना सायकली देऊन कंबरलंडहून पॉ पॉकडे, नाहीतर हार्पर्स फेरीहून मोनोकसीच्या जलसेतूपर्यंत घेऊन जावे.